पोशाखातला हल्लेखोर

रविवार, रात्री

आजच्या स्वसंरक्षण वर्गात फटके थोडे आणि बोलणे फार झाले. काही जणांची त्यामुळे निराशा झाली, माझी मात्र झाली नाही.

जोडीदारासोबतच्या नेहमीच्या सरावात समोरच्याला इजा होऊ नये म्हणून आपण कोपर किंवा तळहाताचा फटका शेवटच्या क्षणी आवरतो, आणि शेकडो वेळा असे केल्यावर शरीराला फटका मारण्याऐवजी तो आवरण्याचीच सवय जडते. अमेरिकेत मॅट थॉमस यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘मॉडेल मगिंग’ या प्रशिक्षणाने नेमकी हीच उणीव हेरली. हल्लेखोराची भूमिका करणाऱ्याला डोक्यापासून जांघेपर्यंत जाड आवरण चढवायचे आणि शिकणाऱ्याला पूर्ण ताकदीने मारू द्यायचे, ही कल्पना आज निरनिराळ्या नावांनी अनेक देशांत रुजली आहे.

आमच्या वर्गातला हल्लेखोरही असाच जाड पोशाख चढवतो. तरीही पोशाख खोटे बोलू शकतो. जाड गादीमागच्या माणसाला फारसे लागत नाही, त्यामुळे तो फटके झेलत पुढे येत राहिला तर शिकणारीला आपले काहीच चालत नाही असे वाटेल. उलट पहिल्याच स्पर्शाला तो कोसळला तर तिला फुकाचा आत्मविश्वास येईल. म्हणून हा फटका उघड्या अंगावर बसला असता तर काय झाले असते, याचा निवाडा त्याला क्षणोक्षणी करून त्याप्रमाणे वाकावे, मागे हटावे किंवा पडावे लागते. जांघेत गुडघा नीट बसला की कंबर मागे जाते आणि डोके पुढे येते, हे त्याने प्रामाणिकपणे दाखवले तरच पुढचा फटका कुठे मारायचा हे शिकणारीला कळते. माझ्या मते वर्गातले सर्वांत अवघड काम त्याचेच आहे. भरीला त्या प्रचंड हेल्मेटमधून त्याला बाजूचे धड दिसत नाही आणि आत उकाडा इतका होतो की फेऱ्या छोट्याच ठेवाव्या लागतात. हेल्मेट जखम आणि हाडांचे फ्रॅक्चर टाळायला मदत करते, परंतु डोक्याला जोराचा झटका बसल्यावर आत मेंदूचे होणारे हलणे हेल्मेट पूर्णपणे थोपवू शकत नाही. म्हणून त्याला गरगरू लागले किंवा मळमळले, तर वर्ग तिथेच थांबतो. खऱ्या हत्याराला सभागृहात प्रवेश नाही आणि शिट्टी वाजली की सर्वांनी जागच्या जागी थांबायचे, या नियमांवर चर्चा होत नाही.

पहिला प्रसंग अनोळखी माणसाचा होता. तो वाट अडवून काहीतरी विचारत जवळ येतो, आणि तळहात पुढे करून ‘तिथेच थांबा’ असे स्पष्ट सांगायचे असते. वाचायला हे क्षुल्लक वाटते, पण ॲड्रेनलिन (धोक्याच्या वेळी शरीरात स्रवणारे संप्रेरक) उसळले की श्वास उथळ होतो, आवाज घशात अडकतो, नजर समोरच्या एकाच गोष्टीवर खिळते आणि बोटांची नाजूक कामे बिघडतात. म्हणूनच येथे मनगट पिरगाळण्याच्या नक्षीदार युक्त्यांऐवजी तळहात, कोपर, गुडघा एवढीच ढोबळ शस्त्रे शिकवतात, आणि कडेला उभी असलेली प्रशिक्षिका सतत ‘श्वास घे’ असे ओरडत असते. गंमत म्हणजे फेरीनंतर बहुतेकींना ते ओरडणे ऐकल्याचे आठवतच नाही.

दुसऱ्या प्रसंगात हल्लेखोर ओळखीचा होता: हसतमुख, गोड बोलणारा, ‘एवढी काय घाबरतेस’ म्हणत हात न सोडणारा. येथे फटका मारणे मला कितीतरी अवघड गेले, कारण भीतीपेक्षा भीड मोठी होती. कॅनडातील तीन विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनींसाठी घेतलेल्या १२ तासांच्या प्रतिकार-प्रशिक्षणाचे निष्कर्ष शार्लीन सेन आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केले. पुढील वर्षभरात बलात्कार घडण्याचा धोका प्रशिक्षण घेतलेल्या गटात ५.२ टक्के, तर केवळ माहितीपत्रके मिळालेल्या गटात ९.८ टक्के आढळला. त्या प्रशिक्षणाचा भर परिचितांकडून होणारी जबरदस्ती ओळखण्यावर आणि प्रतिकाराच्या आड येणारा मनातला संकोच दूर करण्यावर होता. तेव्हा अंधाऱ्या गल्लीतल्या अनोळखी माणसाचेच प्रसंग घोळवणारे वर्ग पोशाखाचा अर्धाच उपयोग करतात, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या प्रसंगात त्याने वेळ विचारली, उत्तर ऐकले आणि तो निघून गेला. हात उगारलेली एक मुलगी गोंधळून उभी राहिली आणि नंतर ‘मग पोशाख कशाला चढवला?’ असे तिने थोड्या रागानेच विचारले. प्रशिक्षिकेने तिला त्याचे हात कुठे होते, तो किती अंतरावर थांबला होता आणि निघताना त्याची पावले कोणत्या दिशेला वळली, असे तीन प्रश्न विचारले. त्यांतल्या दोहोंची उत्तरे तिला बरोबर देता आली. पुढच्या आठवड्यात कोणता प्रसंग हल्ल्याचा आणि कोणता नुसत्या विचारपूशीचा, हे आधी सांगितले जाणार नाही.