यातले आबा कुठले?

एसटीत एकोणतीस वर्षं कंडक्टरकी केली. निवृत्त झाल्यावर घरात बसून भिंती मोजायच्या नव्हत्या, म्हणून जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं प्रशिक्षण घेतलं आणि विधी स्वयंसेवक झालो. काम तसं कंडक्टरचंच. घाबरलेल्या माणसाला योग्य दारातून आत घ्यायचं, चुकीच्या गाडीत चढलेल्याला वेळेवर खाली उतरवायचं. फक्त खांद्याला पिशवी नसते, गळ्यात ओळखपत्र असतं. त्या ओळखपत्रामुळे लोक मला 'साहेब' म्हणतात आणि मी काही साहेब नाही हे कळलं की जरा हिरमुसतात.

१३ सप्टेंबर २०२५, शनिवार. राष्ट्रीय लोकअदालत. पुण्यात शिवाजीनगरच्या न्यायालयात सकाळी नऊलाच रांग जिन्यापासून फाटकापर्यंत गेलेली. बँकेची थकीत कर्जं, चेक न वटल्याची प्रकरणं, वीजबिलं असं सगळंच लोकअदालतीत येतं. पण खरी झुंबड वाहतुकीच्या चलानांची. ही प्रकरणं अजून कोर्टात दाखल झालेली नसतात, दाखलपूर्व म्हणून ठेवतात. समोर बसलेल्या पॅनेलपुढे तडजोड झाली की दंड कमी होतो. किती कमी होईल ते त्या त्या वेळी ठरतं. त्या दिवशी आमच्या टेबलावर बहुतेक चलानं निम्म्यात मिटत होती आणि ही बातमी रांगेच्या शेवटच्या टोकाला आमच्याआधी पोचली होती. दिवाळीआधीचा सेल लागल्यासारखं वातावरण.

माझं काम रांगेतल्या माणसांची कागदपत्रं बघून त्यांना टेबलापर्यंत नेणं. प्रत्येकाला मी एक प्रश्न विचारतो: चलानावरचा फोटो पाहिलात का? बहुतेकांना हा प्रश्न आवडत नाही. ते उलट विचारतात, 'किती कमी होतील ते सांगा.' एका मुलीने फोन पुढे केला, व्हॉट्सॲपवर कुणीतरी चलानाच्या नावाने ॲपची फाईल पाठवलेली, एपीके. नशीब तिने ती अजून उघडली नव्हती. खरं चलान अशा फाईलमधून येत नाही हे तिला सांगेपर्यंत मागच्या चौघांनी 'चला पुढे' सुरू केलं. हे वाक्य मी आयुष्यभर दुसऱ्यांना म्हटलेलं, आता ऐकून घेतो.

अकराच्या सुमारास सासवडकडचे एक आबा आले. सत्तरीचे असतील. पांढरी टोपी, पायजमा, हातात प्लॅस्टिकची पिशवी, सोबत पुतण्या. अंजिराची बाग, थोडं सीताफळ. आठवड्याभरापूर्वी हडपसरला हवालदाराने स्कूटर अडवून मशीनमध्ये नंबर टाकला, तेव्हा सात चलानं निघाली. पाच हजार रुपये. एकाचाही मेसेज आबांना कधी आला नव्हता.

मेसेज न येण्याचं कारण मी न बघता सांगू शकलो असतो. गाडी घेताना एजंटाने सगळं केलं आणि आरसीला मोबाइल नंबरही स्वतःचाच टाकला. हे इतकं नेहमीचं आहे की मला आता रागही येत नाही. नियम सांगतो की कॅमेऱ्याने टिपलेल्या गुन्ह्याची सूचना ठरलेल्या मुदतीत गाडीमालकाला धाडली पाहिजे. ती धाडलीही जाते. जाते त्या एजंटाच्या फोनवर, आणि त्याने तो नंबर कधीच बदललेला असतो.

"फोटो पाहिलेत का आबा?"

"फोटो कशाला? केलं असंल की. मी येतो अधनंमधनं पुण्यात."

पुतण्याला घाई होती. "साहेब, अडीच हजारात सुटतंय. द्या की टोकन."

टोकन देण्याआधी मी पिशवी मागितली. आरसी बुक होतं, विम्याचा कागद होता, पीयूसीही होतं. आबांसारखी नीटनेटकी पिशवी मी वकिलांकडेही पाहिलेली नाही. राज्याच्या वाहतूक चलानांच्या संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चॅसीचे शेवटचे चार अंक टाकले की यादी येते, प्रत्येक चलानासमोर फोटो. पुतण्याच्या फोनवर ते उघडलं. पहिलं चलान फेब्रुवारी २०२४ चं, सदाशिव पेठेतलं, नो पार्किंग, पाचशे रुपये. फोटोत राखाडी स्कूटर, मागे लोखंडी अँगलचं कॅरिअर. आबा लगेच म्हणाले, "ही माझीच. ह्याच्या काकीचे डोळे दाखवायला आणलं होतं." पी-वन पी-टूच्या, म्हणजे विषम-सम तारखेला कुठल्या बाजूला गाडी लावायची त्या पाट्या त्यांना कळल्या नव्हत्या, तारीख सम होती, बाजू विषमची. यात त्यांना मी फार दोष देत नाही. पुण्यात जन्मलेली माणसंही त्या पाटीखाली उभं राहून मोबाइलमध्ये आजची तारीख बघतात.

पहिलंच चलान खरं निघाल्यावर पुतण्या म्हणाला, "झालं? बाकीची पण अशीच असणार." आबांनीही मान डोलावली. एक चूक आपली निघाली की माणूस पुढचं न बघता पदरात घेतो. मीही तिथेच थांबलो असतो, खोटं कशाला बोलू. पण दुसरं चलान आपोआप उघडलं गेलं, अंगठा घसरला म्हणून.

मार्च २०२५, नगर रस्ता, विनाहेल्मेट. स्कूटर तीच कंपनी, तोच राखाडी रंग, तोच नंबर. मागे कॅरिअर नाही.

"आबा, कॅरिअर कधी काढलं होतं?"

"काढायला ते काय नट-बोल्टचं हाय? वेल्डिंग हाय त्ये. क्रेट ठेवतो मी त्याच्यावं. एकवीस साली केलं, तेव्हापास्नं हलवलं नाय."

तिसरं, खराडीकडचं, विनाहेल्मेट. चौथं, सिग्नल तोडला. पाचवं पुन्हा सिग्नल, आणि दुसऱ्यांदा म्हणून पाचशेऐवजी दीड हजार. कुठेच कॅरिअर नाही. सहाव्याचा फोटो पाठीमागून काढलेला. स्कूटरवर तीन पाठी. एकीवर कॉलेजची बॅग, एकीवर लाल जर्सी, सगळ्यात पुढच्याचे केस कोंबड्याच्या तुऱ्यासारखे उभे. ट्रिपल सीट, एक हजार.

पुतण्या बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिला. मग टोपीतल्या चुलत्याकडे बघितलं. "आबा, यातले तुम्ही कुठले?"

रांगेतली माणसं हसली. आबा नाही हसले.

आणखी एक गोष्ट पिशवीतच होती. जूनमध्ये आबांनी ५३१ रुपये भरून नवी नंबरप्लेट, ती हाय सिक्युरिटीवाली एचएसआरपी, बसवून घेतली होती. पावती जपून ठेवलेली. ट्रिपल सीटचा फोटो जुलैतला आणि शेवटचं, पुन्हा विनाहेल्मेट, ऑगस्टमधलं. दोन्हीत जुनी साधी पाटी, आकडे वळणदार. कुणीतरी त्याच रंगाची, त्याच मॉडेलची गाडी शोधून आबांचा नंबर रंगवून घेतला होता आणि पुण्याच्या त्या बाजूला बिनघोर फिरत होता.

आता गोष्ट सोपी असायला हवी होती, पण पुतण्याचं म्हणणं वेगळंच होतं आणि त्यात दम होता. "साहेब, सहा आमची नाहीत, मान्य. पण तक्रार करायची म्हणजे चार खेपा. एका खेपेला दिवस मोडतो, पेट्रोल जातं. सातही चलानं अडीच हजारात आत्ता संपतात." मी तिकिटं फाडून पोट भरलेला माणूस, हिशेब मला कळतो. हिशेब त्याचाच बरोबर होता.

शेजारी उभ्या एका तरुण वकिलाने तिसरीच वाट सुचवली: काहीच करू नका. नुसत्या दंडाच्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला सहा महिन्यांची मुदत असते, ती उलटली की कोण विचारतो. कायद्यात तशी मुदत आहे हे खरं. पण मशीनमधल्या थकबाकीला ती माहीत नसते. पुन्हा हडपसरला अडवलं की हवालदार कलम उघडून बघणार नाही, आकडा बघणार.

मी आबांना बाजूच्या बाकड्यावर बसवलं आणि दोन गोष्टी सांगितल्या. पहिली, लोकअदालतीत सही केली की 'हे मीच केलं' असं कबूल केल्यासारखं होतं आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. विनाहेल्मेट आणि ट्रिपल सीट या दोन्हींना दंडाशिवाय तीन महिने लायसनला मुकायची तरतूद कायद्यात आहे. ते तुऱ्याचे केस कायमचे आबांच्या नावावर. दुसरी गोष्ट सांगताना मला स्वतःलाच कसंतरी झालं. ती गाडी अजून रस्त्यावर आहे. उद्या तिने कुणाला उडवलं आणि पोरगा पळाला, तर पोलीस नंबर बघून आधी सासवडला येतील. त्या वेळी तुमच्या हातात काय असेल? सहा चलानं भरल्याच्या पावत्या. ती गाडी माझीच, असं सांगणाऱ्या.

आबा उठले. "ह्या सहांचं एक रुपया देणार नाय," म्हणाले. "आन् त्ये एक हाय ना, डोळ्याचं, त्ये माझं. त्ये भरतो."

पॅनेलपुढे गेलो. न्यायाधीश बाईंनी फोटो बघितले, ट्रिपल सीटवर क्षणभर थांबल्या, चष्मा सारखा केला. लोकअदालत फक्त तडजोड करते, कोण खरं कोण खोटं ठरवत नाही. ज्यात वाद आहे ते प्रकरण जसंच्या तसं परत जातं. त्यांनी तेच सांगितलं. सहा बाजूला काढली, नो पार्किंगचं अडीचशेवर मिटवलं. आबांनी पाचशेची नोट काढली. टेबलावरच्या पोराकडे सुटे नव्हते. मी खिशातून दोनशे आणि पन्नास काढून दिले. कंडक्टरच्या खिशात सुटे नसले तर त्याला चुकल्यासारखं होतं, निवृत्तीनंतरही.

पुढचं काम कंटाळवाणं होतं, पण लोक इथेच सोडून देतात म्हणून सांगतो. संकेतस्थळावर चलानाविरुद्ध तक्रार नोंदवता येते. त्याच दुपारी सहाही तक्रारी नोंदवल्या, सोबत आरसीचा फोटो. काही दिवसांनी उत्तर आलं: चलान योग्य आहे. एका ओळीत. कुणी फोटो उघडून पाहिला असेल असं त्या ओळीवरून वाटलं नाही. पुतण्या फोनवर म्हणाला, "सांगितलं होतं ना साहेब?" मी गप्प बसलो.

चूक माझीही होती. नुसती आरसी जोडून काय दिसणार? आरसीवर नंबर तोच, रंग तोच. मग स्कूटरचे चारही बाजूंनी फोटो काढून घेतले आणि चलानाचा फोटो व आपला फोटो एकाच कागदावर शेजारी शेजारी लावले. कॅरिअरला लाल गोल, नंबरप्लेटला लाल गोल. नंबरप्लेटच्या पावतीवरची तारीख आणि चलानाची तारीख एकाखाली एक. हा कागद घेऊन आबा वाहतूक शाखेच्या कार्यालयात गेले आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घेऊन आले. पोलीस ठाण्यातही बनावट नंबरप्लेटचा अर्ज दिला. तिथे तासभर बसवलं, पण शिक्का मिळाला. पोच नसलेला अर्ज म्हणजे तिकीट न काढता केलेला प्रवास. गाडीत बसला होता हे तुम्हालाच ठाऊक. आधारच्या ओटीपीने आरसीवरचा मोबाइल नंबरही बदलून पुतण्याचा टाकला.

नोव्हेंबर संपता संपता सहाही चलानं यादीतून गेली. पुतण्याने मोजलेल्या चार खेपा खऱ्या ठरल्या, झाल्या पाच. त्याने ते मला आवर्जून सांगितलं.

जानेवारीत पुन्हा फोन आला. या वेळी आबा स्वतः बोलत होते. आता मेसेज वेळेवर येतात, त्यामुळे चलान झाल्याचं दोन दिवसांत कळलं होतं. नगर रस्ताच. मी म्हटलं, लाल गोलांचा तो कागद ठेवलाय ना? तोच नव्या फोटोनिशी पाठवा.

"पाठवतो. पर एक सांगू का," आबा म्हणाले, "ह्या टायमाला पोरानं हेल्मेट घातलंय."

चलान सिग्नल तोडल्याचं होतं.