सिंगापूर ते बाली: पावणेतीन तासांचं विमान आणि आईचं नाव

सिंगापूरहून बाली किती लांब असं सगळे विचारतात, तर अंतर काही फार नाही. चांगी (सिंगापूरचं विमानतळ) ते देनपसार (बालीचं विमानतळ) हवाई अंतर साधारण १,६७० किलोमीटर, म्हणजे आपलं मुंबई-कोलकाता धरा. तिकिटावर २ तास ४० मिनिटं होती. आम्ही ताईच्या घरून पहाटे साडेपाचला निघालो आणि हॉटेलात पोचलो दुपारी अडीचला! आणि त्यात विमानाचा काही दोष नाही, ते वेळेवर उडालं.

झालं असं, की स्वस्तात मिळालं म्हणून एका बजेट कंपनीचं तिकीट घेतलं होतं. माझा बोर्डिंग पास मशीनमधून झटक्यात निघाला, आईचा निघेना. तीनदा पासपोर्ट ठेवला, तीनदा लाल अक्षरात काउंटरवर जा. काउंटरवरची पोरगी स्क्रीनकडे बघते, पासपोर्टकडे बघते, म्हणे नाव जुळत नाही. आईच्या पासपोर्टवर गिव्हन नेमच्या रकान्यात तिचं नाव आणि पुढे बाबांचं नाव आहे, आपल्याकडे बऱ्याच जणांचं असतंच, आणि मी तिकीट काढताना नुसतं नाव-आडनाव टाकलं होतं. चूक माझी, मान्य. पण मधलं नाव म्हणजे नवऱ्याचं नाव, माणूस एकच आहे, हे त्यांना समजावताना माझ्या तोंडाला फेस आला.

मग सुपरवायझर आला, पासपोर्ट घेऊन गेला तो गेलाच. पंधरा मिनिटांनी परत आला, रिटर्न तिकीट दाखवा म्हणाला, ते दाखवलं तर परत गायब. काउंटर उड्डाणाच्या तासभर आधी बंद होतं आणि घड्याळात दहाच मिनिटं उरलेली. मी आवाज चढवला तर आई म्हणते, "अगं ओरडू नकोस, त्याने काय होणारे? तो बिचारा त्याचं काम करतोय." ती बाकावर बसून डब्यातला शिरा खात होती! शेवटी काहीतरी टाइप करून त्याने पास छापून दिला, पैसे घेतले नाहीत. पन्नास मिनिटं गेली.

तर तिकीट काढताना पासपोर्टवर जे छापलंय तेच टाका, अक्षरन् अक्षर. आणि हो, चांगीच्या पहिल्या तीन टर्मिनलमध्ये सिक्युरिटी चेक गेटवरच असतं, त्यामुळे पाण्याची बाटली तिथेच रिकामी करावी लागते, आणि गेटवर शेवटच्या मिनिटाला पोचून चालत नाही. आम्ही पळतच गेलो.

विमानात काही सांगण्यासारखं नाही. वाटेत विषुववृत्त ओलांडतो, आईला सांगितलं तर ती खिडकीतून खाली रेघ शोधत होती. घड्याळ बदलायचं नाही, दोन्हीकडे वेळ एकच, जकार्ता मात्र तासभर मागे. व्हिसा ऑन अरायव्हलचे ५ लाख रुपिया आणि बालीचा दीड लाखांचा पर्यटक कर दोन्ही आधी ऑनलाइन भरून ठेवलेलं, तिथे सुटलो.

बेल्टवर बॅगची वाट बघताना डोक्यात आलं, परतीचं तिकीटही मीच काढलंय. उघडून बघितलं. तेच, नुसतं नाव-आडनाव. हॉटेलचा वायफाय मिळाल्यावर पहिलं काम ते केलं, जेवण नंतर.