ब्रूस हायवेवरचं इंगम: उसाच्या गावात दीड दिवस

केर्न्स गाठायच्या घाईत बरेच जण इंगममध्ये पेट्रोल भरतात आणि पुढे निघतात. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या किनाऱ्यालगतच्या ब्रूस हायवेवर, टाउन्सव्हिलच्या उत्तरेला साधारण ११० किलोमीटरवर हे गाव आहे. ऊस बघायचा असेल तर एक मुक्काम करा, पण हंगाम पाहून. आपल्याकडे मोळी पडते दिवाळीच्या आसपास; इथलं गाळप जूनमध्ये सुरू होऊन नोव्हेंबर-डिसेंबरपर्यंत चालतं. आम्ही ऑगस्टमध्ये गेलो. जानेवारी ते मार्च टाळाच. कारखाने बंद असतात आणि हर्बर्ट नदीला पूर येतो. फेब्रुवारी २०२५च्या पुरात टाउन्सव्हिल आणि इंगमच्या मधला ओलेरा क्रीकवरचा पूलच खचला होता.

गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालवायची. खरी सावधगिरी लागते ती उसाच्या रेल्वेची. रूळ फक्त ६१० मिलिमीटर रुंदीचे, त्यामुळे खेळणं वाटतं, पण डब्यांची रांग शेकडो मीटर लांब असते आणि भरलेली गाडी पटकन थांबत नाही. हायवेवरच्या फाटकांना लाल दिवे आहेत, शेतरस्त्यांवर बऱ्याचदा नुसती पाटी. रात्री इंजिन पुढे निघून जातं आणि मागचे जाळीचे डबे अंधारात दिसतच नाहीत. काच खाली करा, कानोसा घ्या, मग रूळ ओलांडा.

रात्रंदिवस ही धावपळ का, ते फडाजवळ कळतं. तिथे ना टोळी, ना कोप्या, ना कोयता. हार्वेस्टर उभा ऊस बुडातून कापून त्याच्या वीतभर टिपऱ्या करतो, शेजारून चालणारा ट्रॅक्टर त्या झेलतो आणि रुळाशी उभ्या डब्यांत ओततो. टिपरीला दोन्हीकडून काप असल्यामुळे ती अख्ख्या उसापेक्षा लवकर आंबते. म्हणून तोडणीपासून सोळाएक तासांत ती गाळपाला जावी असा प्रयत्न असतो. इंगमकडे ऊस मुख्यतः हिरवाच तोडतात आणि पाचट शेतातच पसरतं. पेटवलेला फड बघायचा असेल तर टाउन्सव्हिलच्या दक्षिणेला एअर गावाकडे संध्याकाळी थांबा. तिथे सऱ्यांनी पाणी देतात, पाचट सरीत अडकतं, म्हणून अजून जाळतात.

फोटोसाठी सरीत शिरू नका. बुटाच्या मातीतून उसाचे रोग एका शेतातून दुसऱ्यात जातात, आणि शेतकरी यावरून खरंच चिडतात. व्हिक्टोरिया कारखाना आम्ही रस्त्यावरूनच पाहिला. धूर, मळीचा वास आणि डब्यांची ये-जा, एवढं पुरे. आपल्या शेतकऱ्याला हेवा वाटावा अशी गोष्ट बाहेरून दिसत नाही: इथे प्रत्येकाच्या उसातली साखर वेगळी मोजून पैसे ठरतात, आपल्याकडे एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, ठरते कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर (उसातून निघालेल्या साखरेच्या प्रमाणावर).

साखर पुढे कुठे जाते ते पाहायला हॅलिफॅक्समार्गे लुसिंडाला जा, २७ किलोमीटर. समुद्र उथळ असल्याने जहाज किनाऱ्याला लागू शकत नाही, म्हणून ५.७६ किलोमीटर लांबीची जेटी आत नेली आहे. तिच्यावरच्या पट्ट्यावरून कच्ची साखर थेट जहाजात पडते. त्या जेटीवर प्रवेश नाही. शेजारच्या मासेमारीच्या छोट्या जेटीवरून ती नीट दिसते. पाण्यात पाय घालू नका, मगरी आहेत.

जेवणाचं गणित आमचं पहिल्या दिवशी चुकलं. पबचं स्वयंपाकघर दुपारी दोनला बंद झालं, रात्रीचं सहाला उघडलं. शनिवारी दुपारनंतर बरीच दुकानं बंद, म्हणून शाकाहाऱ्यांनी सामान टाउन्सव्हिललाच भरावं.

सकाळ टायटो पाणथळीला द्या. नाव गवतघुबडाच्या शास्त्रीय नावावरून आलंय, पण घुबड दिवसा दिसेल ही आशा नको. वॉलबी (छोटं कांगारू) मात्र हमखास.

उरलेला अर्धा दिवस वॉलमन धबधब्याला, इंगमपासून ५१ किलोमीटर. एका उडीत २६८ मीटर कोसळतो. घाट अरुंद आणि वळणाचा, कॅरॅव्हॅन वर नेऊ नये. शेवटी काही किलोमीटर कच्चा रस्ता, त्यात कुंपण नसल्याने गुरं मध्येच उभी. तळाशी जाणारी वाट उभ्या चढाची आहे. वेळ कमी असेल तर कड्यावरूनच बघा. वर पेट्रोल नाही, फोनला रेंजही धड नाही, तेव्हा टाकी इंगमलाच भरा आणि अंधाराच्या आत खाली उतरा.