आजोबांची साखळीची बटणं टक्सीडोवर: नोंद चौथी

मागच्या वेळी शर्टापाशी अडलो होतो, तिथून पुढे. नव्याने वाचणाऱ्यांसाठी एवढंच: आजोबांना लग्नात सासरकडून मिळालेली सोन्याची चार बटणं, साखळीने एकमेकांना जोडलेली, वजन सव्वा तोळ्याच्या आसपास. सदऱ्यावर लावायची. मला ती टक्सीडोवर, म्हणजे समारंभात घालायच्या विलायती काळ्या सुटावर घालायची आहेत.

यात ओढूनताणून काही नाही. टक्सीडोच्या शर्टाला पुढे दोन्ही पट्ट्यांवर काजं असतात आणि स्टड, म्हणजे काढता-घालता येणारी बटणं, वेगळे घालतात. सदऱ्याचीही तीच रीत. सदरा धोब्याकडे जायचा, सोनं घरात राहायचं. आणि टक्सीडोवर पोटाला बांधायच्या काळ्या पट्ट्याला इंग्रज 'कमरबंड' म्हणतात, तो आपला कमरबंदच, इथूनच तिकडे गेलेला. त्यामुळे मला अपराधी वगैरे वाटत नाही.

तयार शर्ट मात्र दोन ठिकाणी हरला. एक, छातीचं कापड जाड विणीचं आणि दुपदरी. पट्टीवर पट्टी आली की चार पदर. आजोबांचे सदरे मलमलचे, म्हणून बटणाची दांडी जेमतेम तीन मिलिमीटर. मागची कडी अडकेचना. सोनार म्हणाले, "दांडी वाढवून झाळून देतो, दहा मिनिटांचं काम." नको म्हटलं. कापड बदलता येतं, ही बटणं परत तशी होणार नाहीत. पॉलिशलाही नकार दिला. कोटाच्या कॉलरवर आधीच सॅटिनची चकाकी, शेजारी जुनं मंद सोनंच बरं दिसतं.

दुसरी अडचण साखळीची. दोन बटणांमधली साखळी ताणून पावणेतीन इंच भरते आणि शर्टाची काजं साडेतीन इंचांवर. तरी हट्टाने घालून पाहिलं. छातीवर अशा चुण्या, जणू उशीला लहान अभ्रा घातलाय.

शेवटी टेलरकाकांकडून शर्ट शिवून घेतला. पातळ पॉपलिन, पुढची पट्टी बिनकॅनव्हासची (आत ताठ अस्तर नसलेली), काजं बरोबर अडीच इंचांवर. काकांना आधी पटेना, "एवढी जवळ काजं कोण करतं?" साखळीच समोर ठेवल्यावर टेप काढली. आता प्रत्येक दोन बटणांमध्ये पाव इंचाचा झोल राहतो. उभं असताना साखळी किंचित लोंबते, खुर्चीत बसल्यावर शर्ट फुगतो तेव्हा तो झोल कामी येतो. पहिल्या प्रयोगात हाच झोल नव्हता; तसाच शर्ट घालून गेलो असतो तर जेवताना एखादं काज फाटलंच असतं. चौथ्या बटणाखाली साधी शिवलेली बटणं, ती कमरबंदाखाली झाकली जातात.

शनिवारी मित्राच्या रिसेप्शनला पहिल्यांदा घातलं. सोबत भिकबाळी: सोन्याच्या तारेत दोन मोती, मध्ये लाल खडा, उजव्या कानाच्या वरच्या पाळीत. (कान टोचून आठ महिने झाले. वरची पाळी कूर्चेची, भरायला महिनोन्महिने घेते; गनने टोचून घेऊ नका, सुईनेच घ्या.) कोटाच्या खिशात फाटलेल्या पैठणीच्या काठाचा तुकडा. पैठणीचं विणकाम दोन्ही बाजूंनी सारखं दिसतं, त्यामुळे घडी कशीही वळवली तरी उलटी बाजू दिसायची भीती नाही. पण जरीची किनार ताठ. खिशात ठेवल्यावर तिथे पाकीट कोंबल्यासारखं टेंगूळ आलं.

हॉलच्या दारातच मामी म्हणाल्या, "अरे, लग्न तुझं आहे का?"

त्यांचं बरोबर होतं. साखळी, भिकबाळी आणि पैठणी असं तिन्ही एकदम म्हणजे नवरदेव. पैठणी तिथेच काढून बायकोच्या पर्समध्ये टाकली, आणि आरशात फरक लगेच दिसला. भिकबाळीचे मोती शर्टाच्या पांढऱ्याशी जुळतात, ती राहू दिली. बो टाय साधा काळा, त्यात हात घालू नका.

एक उणीव राहिली: कफलिंक. माझ्या चांदीच्या, त्यामुळे मनगटावर पांढरं आणि छातीवर पिवळं. सोन्याच्या करायला परवडत नाहीत. चांदीवर सोन्याचा मुलामा देऊन बटणांसारखाच घाट करता येईल का, हे सोनारांना विचारलंय.

बटणं रिठ्याच्या पाण्यात धुऊन डबीत ठेवली आहेत. पुढच्या महिन्यात ऑफिसच्या डिनरला काळा बंद गळा घालणार. त्यात बटणं दिसतच नाहीत, म्हणून भिकबाळी एकटीच.