नणंदेची रायफल

नणंदेने पाठवलेल्या यादीत पहिलंच नाव होतं ३०० विंचेस्टर मॅग्नम. दुसरं ३०-०६. तिसरं ३०८, त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह. तिन्ही काडतुसांची नावं, रायफल त्यांच्याच नावाने ओळखतात. खाली एक ओळ: 'वहिनी, यातली कोणती घेऊ? दुकानदार म्हणतो, एकदाच घ्यायची तर मोठीच घ्या.'

दुकानदाराचं काय जातंय! खांदा त्याचा थोडाच आहे.

नणंद अमेरिकेत, विस्कॉन्सिनला असते. उंची पाच फुटांच्या जेमतेम वर, वजन पन्नासच्या आतबाहेर. ऑफिसातल्या मैत्रिणी दर नोव्हेंबरला हरणाच्या शिकारीला जातात, यंदा ही पण जाणार. मी नाशिकला मुलांना एअर रायफल आणि पॉइंट टू-टू (अगदी छोट्या काडतुसाची रायफल) शिकवते, म्हणून घरात बंदुकीचा कुठलाही प्रश्न निघाला की तो माझ्याकडे येतो. मी स्वतः शिकार केलेली नाही आणि करणारही नाही. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने ती बंदच आहे. येवल्याकडे ममदापूरला काळविटं बघायला आम्ही जातो, ते दुर्बीण घेऊन. तिकडचा मामला निराळा. ठरलेला सीझन, परवाना, आणि १९७३ पासून पुढे जन्मलेल्यांना हंटर एज्युकेशनचा कोर्स सक्तीचा. तो तिने हिवाळ्यातच उरकला. ती अजून एच-१बी व्हिसावर आहे. तिथल्या केंद्रीय कायद्याप्रमाणे अशा लोकांना एरवी बंदूक बाळगता येत नाही, पण शिकारीचा चालू परवाना असला तर चालतं. सासूबाईंना यातलं काहीही अजून सांगितलेलं नाही.

तर रिकॉइल. म्हणजे बार उडाला की रायफल मागे येऊन खांद्याला जो दणका देते तो. हिशोब शाळेतल्या फिजिक्सचाच आहे. गोळी पुढे जाते, तिच्यामागे जळलेल्या दारूचा वायू आणखी जोराने पुढे जातो, आणि या दोघांचा मिळून जेवढा संवेग तेवढाच रायफलीला उलट दिशेने मिळतो. एका रात्री जेवणं झाल्यावर वही घेऊन बसले आणि सगळ्या काडतुसांना सारखीच ३.४ किलोची रायफल धरून आकडे काढले. २४३ विंचेस्टर साधारण १३ जूल (धक्क्याची ऊर्जा जूलमध्ये मोजतात). ६.५ क्रीडमूर १९. ७ एमएम-०८ चे २१. ३०८ चे २३. ३०-०६ ला जड गोळी घातली तर ३१. आणि दुकानदाराचं लाडकं ३०० मॅग्नम, ४३. गोळीचं वजन आणि दारू बदलली की हे थोडं पुढेमागे होतं, पण उतरंड तीच राहते. माझी मुलं रोज चालवतात त्या पॉइंट टू-टूचं पाव जूलसुद्धा भरत नाही.

या आकड्यांवर मात्र आंधळा विश्वास ठेवू नका. एनसीसीत आम्हाला कॅम्पमध्ये थ्री-नॉट-थ्रीची चव दिली होती. चार किलोची रायफल, हिशोबाने १७-१८ जूल, म्हणजे ३०८ पेक्षा कमीच. तरी दुसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर जात नव्हता. कारण तिच्या दस्त्याच्या (खांद्याला टेकवायच्या भागाच्या) मागे पितळी पत्रा असतो, आणि आम्ही लेटून फायर करत होतो, म्हणजे सगळा मार गळपट्टीच्या हाडाजवळ. तोच धक्का चांगल्या जाड रबरी पॅडमधून, रुंद दस्त्यावर पसरून आला तर निम्माही वाटत नाही. शिवाय धक्का किती यापेक्षा तो किती झपकन येतो, याला जास्त महत्त्व आहे. दार लोटणं वेगळं आणि दार आपटणं वेगळं. हलकी रायफल आपटते. तीच ३०८ ची गोळी २.७ किलोच्या रायफलीतून मारली तर २३ चे २९ जूल होतात. जाहिरातीत 'वजनाला फुलासारखी' असं लिहिलेलं असतं ना, त्याचा अर्थ खांद्याच्या भाषेत हा.

नणंदेचा पहिला कल अर्थातच हलक्या रायफलीकडे होता. मी तिला विचारलं, तू दिवसभर डोंगर चढणार आहेस का? नाही. झाडाला बांधलेल्या मचाणावर बसणार. मचाणापर्यंत चालणं किती? अर्धा तास. मग अर्धा किलो वाचवून करायचंय काय?

मे महिन्यात तिच्याकडे जाणं झालं तेव्हा तिच्या मैत्रिणीने आपल्या घरातल्या रायफली रेंजवर आणल्या. माझ्या व्हिजिटर व्हिसावर तिथे रायफल हातात घेणंसुद्धा कायद्यात बसत नाही, म्हणून मी मागे उभी. ते बरंच झालं. कोचने खरं तर तिथेच उभं राहायचं असतं, मागे आणि किंचित उजवीकडे, टार्गेटकडे अजिबात न बघता.

मैत्रिणीला मी आधीच सांगून ठेवलं होतं की मॅगझिनमध्ये अधूनमधून डमी, म्हणजे दारू नसलेलं काडतूस घाल, हिला कळू देऊ नकोस. ३०-०६ पासून सुरुवात केली. पहिला बार खरा. नणंदेने मागे वळून हसून अंगठा दाखवला. दुसरा खरा. तिसऱ्याला डमी. नुसतं 'टक' झालं, आणि नळीचं टोक चांगलं चार बोटं खाली गेलं. उजवा खांदा पुढे ढकलला गेला होता, डोळे घट्ट मिटलेले, जबडा आवळलेला. बार उडतो तेव्हा हे काहीच दिसत नाही, कारण आवाज आणि उसळी सगळं झाकून टाकतात. नेमबाजाला वाटतं, स्कोप (रायफलीवरची नेमाची दुर्बीण) बिघडलाय. बिघडलेलं असतं बोट. दणका येणार हे शरीराला पाठ झालं की ते दणक्याच्या आधीच पळ काढतं, आणि ही खोड लागायला एक दुपार पुरते, जायला महिने लागतात. माझ्याकडे अशी मुलं येतात. कुण्या काकांनी हौसेने बारा बोअर चालवायला दिलेली असते, आणि पुढे कित्येक आठवडे ती साध्या टू-टूवरसुद्धा पापणी मिटत राहतात.

मग २४३. डमी आली तरी नळी जागची हलली नाही. तिला हीच आवडली, आणि मैत्रिणीचंही म्हणणं होतं की तिच्या गावात पोरांना पहिली रायफल हीच देतात. १९५५ पासून चालत आलेलं काडतूस आहे, हरणाला पुरतं, यात वाद नाही. माझं मन मात्र घेईना. गोळी साडेसहा ग्रॅमची. हरीण बाजूने अगदी आडवं उभं असेल तर छान, पण जरा तिरकं झालं आणि गोळीला खांद्याच्या हाडातून जावं लागलं तर मला तिथे थोडी जड गोळी हवी. नवशिक्याला हरीण आडवंच उभं राहील याची हमी कोण देणार? हृदय-फुप्फुसांची जागा वीसेक सेंटिमीटरची. तिच्या बाहेर गोळी लागली तर जनावर जखमी होऊन रात्रभर रानात फिरतं. धक्का कमी हवा तो याचसाठी, नुसता खांद्याच्या सुखासाठी नाही. आणि याच कारणासाठी तो कमी करताना गोळी फार हलकीही करायची नाही.

मॅग्नमचं समर्थन करणारे म्हणतात, लांबच्या मारासाठी हवी. असेल. पण तिच्या मैत्रिणींच्या रानात शंभर यार्डांपलीकडे झाडंच दिसतात. तेवढ्यासाठी ४३ जूल रोज खांद्यावर घ्यायचे, म्हणजे मग सराव होत नाही. काडतुसांचा डबा कपाटात पडून राहतो आणि सीझनच्या आदल्या दिवशी तीन बार काढून 'झालं झिरो', म्हणजे स्कोप नेमाला जुळला, म्हणतात.

राहिली ७ एमएम-०८ आणि ६.५ क्रीडमूर. दोन्हींत नऊ ग्रॅमच्या आसपासची गोळी बसते, दोन्ही ३०८ पेक्षा मवाळ. माझं मत खरं तर ७ एमएम-०८ ला होतं. १९८० पासूनचं, न गाजलेलं, शहाणं काडतूस आहे. क्रीडमूर आलं २००७ मध्ये, आणि त्याचं कौतुक इतकं झालंय की ऐकूनच कंटाळा येतो. पण तिच्या गावातल्या दुकानात क्रीडमूरच्या डब्यांची अख्खी फळी आणि ७ एमएम-०८ चे दोन धुळकट डबे. प्रश्न मिटला. जे काडतूस सहज मिळत नाही त्याचा सराव होत नाही.

यानंतर खरं काम, ज्याला दुकानात कोणी वेळ देत नाही: मापाचा दस्ता. ट्रिगरपासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं अंतर साधारण साडेतेरा-पावणेचौदा इंच ठेवतात, सरासरी पुरुषाच्या हातासाठी. तिच्यासारखीने ती धरली की डावा हात ताणून सरळ होतो, ती कमरेतून मागे झुकते, दस्ता खांद्याच्या खळगीत न बसता दंडावर येतो, आणि डोळा स्कोपला भिडवायला मान पुढे काढावी लागते. अशा वेळी बार उडाला की स्कोपची कड भुवईवर. अर्धचंद्राकृती खूण घेऊन फिरणारे लोक रेंजवर दिसतात ते हेच. म्हणून कॉम्पॅक्ट मॉडेल, साडेबारा इंचांचं.

आणि तेही थंडीचं जॅकेट घालून बघायचं. नोव्हेंबरात तिथे अंगावर तीन थर असतात. जाड कापडाने धक्का थोडा मरतो हे खरं, पण दस्ता तेवढाच लांब झाल्यासारखा होतो आणि खांद्याला लावताना काखेत अडकतो. मी तिला मे महिन्याच्या उन्हात, भर दुकानात, भडक केशरी जॅकेट घालायला लावलं. लोक बघत होते. बघू देत. दहा वेळा डोळे मिटून रायफल खांद्याला लाव आणि मग डोळे उघड, असं सांगितलं. स्कोपमध्ये पूर्ण गोल दिसला पाहिजे, कडेला काळी कोर नको. तिसऱ्या मॉडेलला दहाही वेळा गोल दिसला. तीच घेतली. स्कोप धरून साडेतीन किलोच्या थोडी वर भरते.

सरावाला म्हणून तिला एक टू-टूही घ्यायला लावली. आठवड्याचा सराव तिच्यावर, आणि क्रीडमूरचे एका वेळी दहा-बाराच बार, त्यांतही डमी मिसळून. टेबलावर बसून कमी, उभ्याने आणि मांडी घालून जास्त. टेबलावर वाकलं की शरीराला मागे जायला जागा राहत नाही, सगळा धक्का खांद्यालाच पचवावा लागतो. उभ्याने अंग आपोआप झुलतं. कानात बोळे आणि वरून मफ, दोन्ही. बरेचसे लोक ज्याला धक्का म्हणून घाबरतात तो खरं तर आवाज असतो.

आता वाद उरलाय मझल ब्रेकचा. नळीच्या टोकाला बसवायची भोकांची ती नळकांडी वायू बाजूला फेकते आणि धक्का बराच कमी करते, पण आवाज बाजूला आणि मागे असा काही मारते की शेजारी बसलेल्याने शिव्याच घालाव्यात. आणि मचाणावर हरणाची चाहूल घेत बसलेलं माणूस कानाला मफ लावून बसत नाही. तिचा नवरा म्हणतो, लावून टाकू, नळीला आटे आहेतच. मी म्हणते, १९ जूलला ब्रेक कशाला? त्याने त्यावर एका यूट्यूबवाल्याचा चाळीस मिनिटांचा व्हिडिओ पाठवलाय. अजून बघितला नाही.