भित्र्या झिपरीचे लसीकरण: दवाखान्याच्या दोन फेऱ्या

झिपरी ही आमची कुत्री घरी आली तेव्हा अंदाजे दोन वर्षांची होती. तिचे आधीचे आयुष्य कसे गेले हे कोणालाच ठाऊक नाही. पिल्लू तीन आठवड्यांचे झाल्यापासून साधारण चौदा आठवड्यांचे होईपर्यंत जी माणसे, जे आवाज आणि जे स्पर्श त्याच्या ओळखीचे होतात तेच त्याला पुढे निर्धोक वाटतात, आणि त्या दिवसांत झिपरीच्या वाट्याला माणसाचा प्रेमळ हात फारसा आला नसावा, असे तिच्याकडे पाहून वाटते. घरात ती मोकळेपणाने वावरते. मात्र दाराची घंटा वाजली की पलंगाखाली जाते. अशा कुत्रीला वार्षिक लसीकरणासाठी दवाखान्यात कसे न्यावे, हे मी मागच्या वर्षी चुका करून शिकले, आणि यंदाच्या दोन फेऱ्यांचा हा वृत्तांत त्या चुकांचा हिशेब मांडूनच लिहिते आहे.

मागच्या वर्षीची गोष्ट थोडक्यात सांगते. दवाखान्याच्या दारात झिपरी मागे सरकली, मान खाली घातली आणि क्षणात तिच्या गळ्यातला पट्टा माझ्या हातात रिकामा लोंबकळू लागला. फाटक बंद होते म्हणून ती सापडली. नंतर तिघांनी तिला स्टीलच्या टेबलावर दाबून धरले, लस टोचली गेली, टेबलावर लघवी झाली आणि पाच मिनिटांत आम्ही बाहेर आलो. काम झाले असे मी समजले. पण पुढचा महिनाभर ती गाडीचे दार उघडताना पाहिले तरी जमिनीला चिकटून बसत असे. दाबून धरल्याने कुत्रे शांत होत नाही. येथे आपल्याला पळता येत नाही एवढीच नोंद ते करते आणि पुढच्या वेळी दात लवकर दाखवते.

यंदा लसीची मुदत संपण्याच्या महिनाभर आधीच तयारीला लागले. हा महिना हाताशी असल्यानेच पुढे एका फेरीत रिकाम्या हाताने परतणे परवडले, म्हणून मुदतीच्या आदल्या आठवड्यात जागे होऊ नका, असे आवर्जून सांगते. प्रथम दवाखान्यात फोन करून दिवसाची पहिली वेळ मागितली, बोलावणे येईपर्यंत गाडीतच थांबता येईल का आणि तपासणी टेबलाऐवजी जमिनीवर होईल का, असेही विचारले. लसीकरण पुस्तिकेतील पानांची छायाचित्रे पाठवून नेमक्या कोणत्या लसी बाकी आहेत हेही विचारून घेतले, आणि ते विचारले हे फार बरे झाले. डिस्टेंपर, पार्व्हो आणि हिपॅटायटिस या विषाणूजन्य आजारांवरील लसींच्या सुरुवातीच्या मात्रा आणि वर्षानंतरची बूस्टर मात्रा वेळेवर झाली असेल, तर मोठ्या कुत्र्यात त्यांचे संरक्षण साधारणपणे तीन वर्षे किंवा त्याहून अधिक टिकते; लेप्टोस्पायरोसिस या जिवाणूजन्य आजारावरची लस मात्र दरवर्षी द्यावी लागते, आणि रेबीजची मुदत त्या त्या लसीच्या वेष्टनावर आणि तिथल्या कायद्यावर अवलंबून असते. झिपरीच्या बाबतीत यंदा रेबीज आणि लेप्टो एवढ्या दोनच लसी द्यायच्या निघाल्या.

घरच्या सरावात सर्वाधिक वेळ मुसक्याला दिला. कापडी मुसक्यात कुत्र्याला तोंड उघडून धापा टाकता येत नाहीत, त्यामुळे ते अगदी थोडा वेळच वापरण्याजोगे असते. म्हणून जाळीचे मुसके घेतले, ज्यात तिला पाणी पिता येते आणि फटीतून खाऊही भरवता येतो. पहिले चार-पाच दिवस ते फक्त खाऊचे भांडे होते: ती स्वतः तोंड आत घाली, खाई आणि बाहेर काढी. बक्कल त्यानंतर, तेही दोन-तीन सेकंदांपुरते. मुसके घालणे हा कुत्र्याचा अपमान आहे असे मानणारे लोक भेटतात. माझ्या मते, मुसके घातले की समोरच्या माणसाचे हात घाबरत नाहीत, हालचाली सावकाश होतात आणि त्याचा फायदा कुत्र्यालाच होतो.

दुसरा सराव खांद्यावरच्या सैल कातडीचा होता, कारण या लसी बहुधा तिथेच कातडीखाली टोचतात. रोज दोन-तीन मिनिटे मी तिथे हात लावी आणि मग खाऊ देई. पुढे चिमटीत कातडी धरून, त्याही पुढे पेनच्या टोपणाचे टोक हलकेच टेकवून. यात क्रम चुकवू नका. आधी स्पर्श आणि लगेच खाऊ, असेच झाले पाहिजे. खाऊ आधी दाखवून मग कातडी धरली, तर चार दिवसांत खाऊच धोक्याची खूण ठरतो आणि कुत्रे त्याच्याकडेही संशयाने पाहू लागते. माझा पहिला आठवडा याच चुकीत वाया गेला.

मधल्या काळात कुठेही न जाणाऱ्या गाडीच्या फेऱ्या झाल्या, आणि दोनदा दवाखान्याच्या आवारात जाऊन, वजनकाट्यावर उभे राहून, खाऊ खाऊन परत येणेही झाले. बाहेर पडताना छातीचा हार्नेस आणि गळ्यातला पट्टा अशा दोन ठिकाणी दोन स्वतंत्र दोऱ्या अडकवल्या. भित्रे कुत्रे मागे सरकून निसटते हे मागच्या वर्षी पुरते कळले होते.

एवढे करूनही पहिली फेरी फसली. सकाळी तिला नेहमीच्या निम्मेच खायला दिले होते, म्हणजे खाऊची किंमत टिकावी आणि गाडीत उलटी होऊ नये. धाकटा भाऊ गाडी चालवायला आणि कागदपत्रे सांभाळायला सोबत होता. कुत्रे आणि कागद ही दोन्ही कामे एकट्याने होत नाहीत. आम्ही दारातून आत शिरतो तोच एक मोठा कुत्रा भुंकत बाहेर आला. झिपरी भुंकली नाही की पळाली नाही. ती थिजून गेली. शेपूट पोटाखाली, कान मागे, डोळ्यांच्या कडेला पांढऱ्या भागाची चंद्रकोर, सारखी ओठांवरून फिरणारी जीभ, आणि फरशीवर पंजांचे ओले ठसे, कारण कुत्र्याला घाम येतो तो मुख्यतः तळव्यांना. नाकापाशी धरलेल्या उकडलेल्या मांसाच्या तुकड्याकडे तिने पाहिलेही नाही. खायला आवडणारे कुत्रे खाणे सोडते तेव्हा भीती किती चढली आहे, हे वेगळे मोजावे लागत नाही.

मला मात्र ती निमूट उभी आहे तोवर लस टोचून घ्यावी असे वाटले, आणि मी तसे बोललेही. डॉक्टरांनी तिच्याकडे एकदा पाहिले आणि म्हणाले, "आज नको. ही शांत नाही, हिने हाय खाल्ली आहे. तुमच्या हाताशी अजून दोन आठवडे आहेत, तर आज घरी जा." इतके खर्चून, इतके जमवून रिकाम्या हाताने परतायचे म्हणून मी गाडीत बराच वेळ गप्प होते. आज मागे वळून पाहता, त्या सकाळी झालेले सर्वांत मोलाचे काम तेच होते असे मला वाटते. लस लांबवणे नेहमी चालते असा याचा अर्थ नाही. रेबीजची मुदत उलटून गेली असेल तर डॉक्टर वेगळा निर्णय घेतील आणि तो ऐकला पाहिजे.

त्याच दिवशी डॉक्टरांनी औषधाचा विषय काढला. भेटीपूर्वी भीती कमी करण्यासाठी कुत्र्यांना ट्रॅझोडोन किंवा गॅबापेंटिन देण्याची पद्धत आहे, आणि झिपरीला त्यांनी गॅबापेंटिन लिहून दिले. मात्रा कुत्र्याचे वजन आणि प्रकृती पाहून डॉक्टरच ठरवतात, म्हणून ती येथे मुद्दाम देत नाही. माणसांचे औषध घरच्या कपाटातून काढून देऊ नये, याचे एक ठोस कारणही आहे: गॅबापेंटिनच्या काही पातळ औषधांत गोडीसाठी झायलिटॉल घातलेले असते आणि ते कुत्र्यांना विषारी असते. औषधाची एक मात्रा आधी घरी, सुट्टीच्या दिवशी देऊन पाहिली. ती थोडी झोपाळू झाली, चालताना मागचे पाय किंचित हलले, भूक शाबूत राहिली. असा परिणाम दवाखान्यात पहिल्यांदा दिसला असता तर मीच घाबरले असते.

दुसरी फेरी बारा दिवसांनी झाली. निघण्यापूर्वी दोन तास औषध दिले. भावाने आत जाऊन वाट मोकळी असल्याची खात्री केली, आणि आम्ही बाजूच्या दाराने थेट तपासणीच्या खोलीत गेलो. तिची घरची चटई मी जमिनीवर अंथरली. गुळगुळीत फरशीवर पाय सरकला की घाबरलेले कुत्रे आणखी घाबरते. डॉक्टर तिच्याकडे न पाहता, पाठ भिंतीला टेकून जमिनीवर बसले आणि दोन-तीन मिनिटे माझ्याशीच बोलत राहिले. झिपरी स्वतःहून त्यांच्या बुटाचा वास घेऊन आली. मग मी मुसके पुढे धरले आणि तिने सवयीने तोंड आत घातले.

छाती तपासून झाल्यावर, तिला सर्वांत नकोसा असलेला थर्मामीटर अखेरीस लावला. ताप 39.4 अंश सेल्सिअस भरला. निरोगी कुत्र्याचे तापमान साधारण 38.3 ते 39.2 असते, त्यामुळे मी दचकले. परंतु भीतीने आणि धापांनी एवढा फरक पडतो, आणि बाकी तपासणी ठीक होती. लसी 2 ते 8 अंशांत ठेवलेल्या असतात, म्हणून भरलेली सिरिंज डॉक्टरांनी थोडा वेळ मुठीत धरून तिचा गारठा घालवला. मी जाळीतून खाऊची पातळ पेस्ट चाटवत होते. पहिली सुई तिला कळली नाही. दुसरीला तिने मान वळवली, एकदा गुरगुरली आणि पुन्हा चाटू लागली. त्या गुरगुरण्याबद्दल तिला कोणी रागावले नाही, हे मला आवडले. ती सूचना असते. ती दडपली तर कुत्रे पुढे सूचना न देताच चावते. तिला थोपटत राहिल्याने भीती वाढेल, अशीही काळजी करू नका. धीर दिल्याने भीतीला खतपाणी मिळत नाही.

नंतर अर्धा तास आम्ही गाडीत आवारातच थांबलो. लसीची तीव्र ॲलर्जी दुर्मीळ असते, पण आली तर बहुतेक वेळा काही मिनिटांत ते काही तासांत येते: तोंड सुजणे, अंगावर गांधी उठणे, वारंवार उलट्या, धाप किंवा एकाएकी गळून पडणे. यातले काही दिसले तर फोन करत बसू नये, उलट पावली आत जावे. पुस्तिकेत लसीच्या बाटलीवरचे लेबल चिकटवले आहे ना, हे भावाने त्या वेळेत पाहून घेतले. संध्याकाळी झिपरी मलूल होती, खांद्याला हात लावू देत नव्हती, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पूर्ववत झाली. टोचल्या जागी वाटाण्याएवढी गाठ आली होती, ती दोन आठवड्यांत विरली. महिनाभरानंतरही राहिली किंवा वाढत गेली असती तर दाखवायला सांगितले होते.

परवा तिला पुन्हा दवाखान्यात नेले होते, फक्त वजनकाट्यासाठी. दारापाशी ती थांबली, मागे वळून माझ्याकडे पाहिले, आणि काट्यावर तीनच पाय ठेवले. चौथ्यासाठी मी आग्रह धरला नाही.