तुम्ही विचारलंत म्हणून: ‘पोरीला ते नवीन औषध काहून नाही देत?’

लग्नात, तेरवीला, एसटीत कुणी ना कुणी विचारतंच. ‘सिकलसेलवर, त्या रक्ताच्या आजारावर, इलाज निघाला म्हणे. मग पोरीला काहून नाही देत?’ हा ‘काहून’ झोंबतो. जसं काही औषध मेडिकलमध्ये पडलंय आणि मीच आणायला विसरले.

इलाज निघालाय, खरं आहे. नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरात अमेरिकेने कॅसजेवी नावाच्या या इलाजाला मंजुरी दिली, बारा वर्षांपुढच्या रुग्णांसाठी. माझी तेव्हा पंधरा वर्षांची. तुम्ही विचारायच्या आधीच मी पेपरमधलं कात्रण फाईलला लावून तिला नागपूरला नेलं होतं.

ओपीडीत त्या दिवशी एक तरुण डॉक्टर होता. त्याने कात्रण वाचलं आणि ‘बसा’ म्हणाला. एवढ्या वर्षांत ‘बसा’ फार थोड्यांनी म्हटलंय. पोरीचा गुडघा सुजलेला, ती बाकावर पाय लांब करून बसली. त्याने नीट समजावलं. पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळं असतं, त्याने पेशी विळ्यासारख्या वाकत नाहीत. जन्मानंतर शरीर ते बंद करत आणतं. पेशंटच्याच रक्त बनवणाऱ्या मूळपेशी काढून प्रयोगशाळेत नेतात, जनुकात एक काप देऊन ते बंद करणारं बटण ढिलं करतात आणि पेशी परत सोडतात. मी मान डोलवत होते. मग म्हणाला, पेशी परत सोडायच्या आधी बुसल्फान देऊन हाडांतला जुना मगज रिकामा करावा लागतो. ते कॅन्सरवाल्यांना देतात तसलं औषध. दवाखान्यात कितीतरी आठवडे जातात. पोरीने विचारलं, ‘केस जातात?’ ‘जातात, पण येतात.’ ‘अजून काय जाते?’ तो माझ्याकडे बघून म्हणाला, पुढे मूल होण्याला अडचण येऊ शकते.

किंमत मीच विचारली. अमेरिकेत २२ लाख डॉलर. हायड्रॉक्सीयुरियाच्या, म्हणजे तिच्या नेहमीच्या औषधाच्या, चिठ्ठीमागे मी गुणाकार मांडला. अठरा कोटींच्या वर गेला. शून्यं चुकली असतील म्हणून पुन्हा मांडला. पोरगी वाकून बघत होती.

परतीच्या गाडीत उमरेड मागे पडेपर्यंत ती गप्प होती. मग म्हणाली, ‘आई, पुन्हा असा कागद घेऊन जाशील तर मले नको नेजो.’

म्हणून नाही देत. आणि उद्या कुणी अठरा कोटी हातात ठेवले तरी बुसल्फानच्या कागदावर मी सही करीन का? रात्री हो वाटतं, सकाळी नाही.

तुमच्यातले काही जण दुसरंच विचारतात: लग्नाआधी रक्त का नाही तपासलं? मी वर्षानुवर्षं सांगत आले, २००६मध्ये आम्हाला कुठं काय माहीत! खोटं आहे. गावात शिबिर लागलं होतं. सोयरीक मोडेल म्हणून मी गेले नाही. आम्ही दोघंही एएस, म्हणजे आजार नसलेले वाहक निघालो, ते पोरगी एसएस, म्हणजे आजारी निघाल्यावर. प्रत्येक खेपेला मूल एसएस निघायची शक्यता चारात एक, हे गणित तेव्हा शिकलो. तपासलं असतं तर लग्न झालं नसतं, म्हणजे ही पोरगीच नसती, असं मी स्वतःला समजावते. तिला क्रायसिस, म्हणजे दुखण्याचा झटका, आला आणि ती उशी दाताखाली धरून पडली, की हेच वाक्य तिच्यासमोर तोंडातून निघत नाही. तेव्हाच्या त्या मुलीला, म्हणजे मलाच, आता शिव्या देऊ की नको, ते मला अजून कळलेलं नाही. आता २०४७पर्यंत सिकलसेल संपवायचं मिशन आहे, आदिवासी भागांत चाळिशीपर्यंतच्या सगळ्यांना तपासताहेत. तपासून घ्या, बाप्पा. मी कोणत्या तोंडाने सांगू, ते वेगळं.

नोव्हेंबर २०२५मध्ये देशी इलाजाची बातमी आली, दिल्लीच्या शास्त्रज्ञांचा ‘बिरसा १०१’. एका दिवसात तुमच्यापैकी अकरा जणांनी मला ती पाठवली. या वेळी मी कात्रण कापलं नाही. पोरीला सांगितलंही नाही.

परवा तिचा मोबाईल चार्जिंगला लावताना तीच बातमी उघडी दिसली. मी स्क्रीन बंद केली आणि फोन होता तसा उलटा ठेवला.